शेजारच्यानं धरायचा गिअर

खट्ट आवाज झाला आणि फोरव्हीलचा गिअर पुन्हा सुटला. पुढच्या चाकांची ओढ गेली, मागची नुसतीच चिखलात फिरली आणि जीप हातभर मागे घसरली. यज्ञेश्वर वकिलांनी सारा जीव गोळा करून ब्रेक दाबला. मागे गोधडीवर निजवलेली त्यांची मुलगी श्यामला ओरडली, "आई गं!"

"दणका बसू देऊ नगासा, वकीलसायेब," तिच्याजवळ बसलेली बयाबाई सुईण म्हणाली. "मूल आडवं हाय. कोल्हापूर गाठलं न्हाय तर दोन्ही जीव जात्याल."

आषाढातली दुपार होती, पण धुक्यात बोनेटच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. भोगावतीचं पाणी पुलावर चढलेलं, म्हणून राधानगरीहून निघायला खिंडीतला हा जुना रस्ता तेवढा उरला होता. वकिलांनी या रस्त्याचं तोंड न बघायचं ठरवलं होतं. दोन वर्षांपूर्वी याच चढावर त्यांची बायको गेली होती.

गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा जुन्या गाड्यांचे दलाल हंबीरराव यांनी दारात दोन गाड्या आणून उभ्या केल्या होत्या. एक मोटार, गुळगुळीत, गिअर स्टिअरिंगलाच. दुसरी लष्करी लिलावातली जीप, चारही चाकांनी ओढणारी.

"चिखल असूदे न्हायतर डोंगर, ही थांबायची न्हाय," हंबीरराव म्हणाले. "फकस्त फोरव्हीलचा ह्यो बारका गिअर झिजलाय. चढाला सुटतोय. शेजारी बसंल त्येनं दाबून धरायचा, बास."

वकिलांच्या पत्नी सरोजिनीबाई खळखळून हसल्या. "चाकं दोन्हीला चारच की! मी काय जन्मभर गिअर धरून बसू?"

"पूजेला नाही का माझ्या हाताला हात लावून बसत?" वकील म्हणाले.

"पूजा तासाभराची असते."

झालं, मोटार आली. कोर्टात गरजणाऱ्या वकिलांची घरात तशी टाप नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती हसली की त्यांना दुसरं काही सुचायचंच नाही. पुढच्याच आषाढात ती मोटार या चढावर मागे घसरली. दार उघडलं आणि वकील बाहेर फेकले गेले. मोटार सरोजिनीबाईंना घेऊन दरीत गेली.

तेरावं झालं आणि वकील आपण होऊन हंबीररावांकडे गेले. जीप तशीच पडून होती. "गिअर नीट करून देतो की," हंबीरराव म्हणाले. वकील म्हणाले, "नको." का नको, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पेठेतले लोक म्हणाले, बैल गेला नि झोपा केला. त्या दिवसापासून जीपच्या डाव्या सीटवर त्यांनी कुणाला बसू दिलं नाही. अशील कितीही मोठा असो, त्यानं मागं बसायचं.

आज सकाळीही तेच. माहेरी आई नाही म्हणून श्यामला पहिल्या बाळंतपणाला सासरीच राहिलेली. जावई धरणावर नोकरीला, पाणी चढलेलं, त्याला जागा सोडता येईना. व्याही गणपतराव म्हणाले, "मी येतो की पुढं बसून." वकिलांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नको, गाडी हलकी बरी." तो हट्ट आता पोरीच्या जिवावर उठला होता.

"बयाबाई, जरा पुढं वाका. हा गिअर धरा."

"पोरीला सोडून कशी वाकू? हात काढला तर कळ सोसंल व्हय तिला?"

वकिलांनी छोटा गिअर पुढे लोटला आणि क्लच सोडला. स्टिअरिंग हिसके द्यायला लागलं. दोन्ही हातांनीसुद्धा ते आवरेना. गिअर थरथरायला लागला. आता सुटणार. उजवीकडे धुकं होतं आणि धुक्याखाली दरी होती.

"आई, धर गं! मला धर!" श्यामला किंचाळली.

गिअरची थरथर थांबली.

चारही चाकांनी चिखल धरला. जीप गुरगुरत वर निघाली, बैलजोडी चढाला लागावी तशी, दमादमानं. वकिलांनी डावीकडे बघितलं नाही. बयाबाईला दया आली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. जिथून मोटार गेली होती ते वळण आलं, मागे पडलं. मग चढ संपला, खाली सपाट डांबरी रस्ता दिसला आणि वकिलांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सोडा आता, बयाबाई. उपकार झाले."

"काय सोडू?" मागून खणखणीत आवाज आला. "माजं दोन्ही हात हितं पोरीच्या पोटावर हायती."

वकिलांनी जीप उभी केली आणि गिअर ओढून बघितला. जागचा हलेना. झिजलेला, दोन वर्षं कधी टिकून न राहिलेला गिअर, आणि आता दोन्ही हातांनी ओढूनही निघेना. त्यांनी मान वर केली. समोरची उजवी काच स्वच्छ होती. डाव्या काचेवर, रिकाम्या सीटच्या समोर, आतून वाफ धरली होती. एकदा पुसट व्हायची, पुन्हा दाट व्हायची.

मागे श्यामलेचं कण्हणं थांबलं होतं. किती दिवसांनी ती अशी शांत बोलली.

"आई, सोड आता. वर आलो आपण."

खट्ट आवाज झाला.