गाडी लांब ठेवून

तिसऱ्या भेटीतही बाळाने हूं की चूं केलं नाही.

ताईंनी खुळखुळा वाजवला, टाळ्या वाजवल्या, स्वतःचं नाक ओढून दाखवलं. दहा महिन्यांचं पोर आजीच्या मांडीवरून टकामका बघत राहिलं, ओठ घट्ट मिटून. घरोघर जाऊन लहान मुलांची वाढ तपासायची, आयांना चार गोष्टी सांगायच्या, हे ताईंचं काम. ही आदिवासी वस्ती त्यांच्याकडे नव्यानेच आली होती. फॉर्मवर ‘आवाज काढत नाही’ यापुढे त्यांनी खूण केली.

“एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवू या,” त्या बाळाच्या आईला म्हणाल्या.

“ऐकू येतं त्याला,” आई खाली बघत म्हणाली. “तुमची गाडी वळणावर आली की गप्प होतो. तुम्ही जाईपर्यंत.”

“म्हणजे?”

आईने सासूकडे पाहिलं. म्हातारी बराच वेळ बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“माझ्या लहानपणीही गाडीच यायची,” ती म्हणाली. “आधी पोरांची नावं लिहून न्यायचे, मग गाडी यायची, त्यांना लांबच्या शाळेत न्यायला. नेलेलं पोर परत यायचं नाही. गाडी वाजली की आम्ही लपायचो, लहानग्यांची तोंडं दाबून धरायचो. मी सात वर्षांची होते. धाकटा भाऊ माझ्याकडे होता. हात भरून आला, म्हणून जरा सैल सोडला. तेवढ्यात तो खोकला.”



“याला मी काही शिकवलं नाही गं,” म्हातारी म्हणाली. “गाडी वाजली की माझा हात आपसूक याच्या तोंडावर जातो.”

पुढच्या आठवड्यात ताईंनी गाडी पुलापलीकडेच ठेवली आणि चालत आल्या. घराजवळ आल्यावर चपला काढून हातात घेतल्या. दाराशी पोचल्या आणि जागीच थबकल्या.

आत बाळ बोलत होतं. बाबाबा, दादादा, मधेच किंकाळी, मधेच खिदळणं. कुणाशी तरी कडाक्याचं भांडण चालल्यासारखं, तावातावाने.

दार वाजवायला उचललेला हात ताईंनी खाली घेतला. पायरीवर बसल्या. ऊन पायांवरून मांडीवर आलं तरी बसूनच राहिल्या.

दार बोटभर उघडलं. आतला आवाज बंद झाला.

“ऐकलंस?” फटीतून म्हातारीने विचारलं.

ताईंनी मान डोलावली.

“मग लिही, बोलतो म्हणून.” दार लोटता लोटता ती थांबली. “आणि कागदावरचं त्याचं नाव तेवढं खोडून टाक.”