दार उघड की!

विधी म्हणून पायाखाली फोडलेलं, नवरदेव गुगुमच्या तळव्याला लागलेलं अंडं रिनरिननं मडक्यातल्या पाण्यानं धुतलं, हसू दाबत ती उठली आणि रीतीप्रमाणे घरात जाऊन आतून कडी लावून घेतली. निकाह सकाळीच झाला होता. आता नवरदेवानं बाहेर उभं राहून तीनदा दार ठोठावायचं, सुंदानी, म्हणजे पश्चिम जावाच्या भाषेतल्या, गाण्यातून विनवण्या करायच्या, नवरीनं आतून आढेवेढे घ्यायचे आणि मगच दार उघडायचं. हल्ली दोघांच्या वतीनं गायला गवईच आणतात. नवरा-नवरी नुसती उभी राहतात.

पण आज गवयानंच घात केला. मघाशी तांदूळ-नाणी उधळताना दायातमामांनी असा काही सूर लावला, की आता त्यांच्या घशातून नुसती हवा येत होती.

"फोनवर लावा की एखादं गाणं!" अंगणातून कुणीतरी ओरडलं.

"फोन नांदवणार आहे का माझ्या मुलीला?" आतून आबा, म्हणजे रिनरिनचे वडील, गरजले. "थांबा. त्याच्या वाटचं मीच म्हणतो इथून."

आबांनी म्हटलं असतं, आणि सुरेखच म्हटलं असतं. मागणी घालायला, पाहुण्यांचं स्वागत करायला पंचक्रोशीतले लोक त्यांनाच बोलावत. पण दुसऱ्याची चूक त्यांना खपत नसे. सुंदानीत मोठ्यांच्या जेवण्याला एक शब्द, आपल्या जेवण्याला दुसरा आणि मांजराच्या खाण्याला तिसरा. कुणी गल्लत केली की आबांचं बोट वर! नऊ वर्षांची असताना पाहुण्यांदेखत रिनरिननं मोठ्यांचा शब्द स्वतःला लावला. बोट वर गेलं आणि सगळं घर खो खो हसलं. त्या दिवसापासून ती आबांशी शाळेतली इंडोनेशियनच बोलायची. त्या भाषेत कुणी बोट वर करत नव्हतं. गावातली सगळी तरणी पोरं तेच करत, आणि आबा म्हणत, "आजकालच्या पोरांना आपली भाषा नकोशी झालीय."

गुगुमची तर आणखीच पंचाईत. बांडुंगच्या बसस्थानकाशेजारी त्याचं टायरचं दुकान. सुंदानी त्याला फाडफाड येत होती, पण ती कंडक्टर-हमालांची. चांगल्या घरची मुलगी म्हणून रिनरिनशीसुद्धा तो ती कधी बोलला नव्हता. दोन वर्षं दोघांचं प्रेम इंडोनेशियनमध्येच चाललेलं. आबांसमोर तर त्याचं नुसतं 'हो' आणि 'नाही'. पाठीमागे आबा त्याला 'मुका जावई' म्हणायचे, आणि ते रिनरिनच्या जिव्हारी लागायचं.

आजही आबाच त्याच्या वतीनं बोलले, तर या घरात तो जन्मभर मुकाच राहणार.

"आबा, नको. त्यालाच बोलू द्या."

"त्याला? अगं, गावासमोर शोभा होईल!"

"होऊ द्या."

दारावर तीनदा टकटक झाली. रिनरिननं दाराला कान लावला. बाहेर भर दुपारचं ऊन, अंगणातली फरशी तापलेली, आणि तो अनवाणी.

"ए रिनरिन!" शेवटी आवाज आला, थेट बसस्थानकातला. "दार उघड की गं! तळव्यांचे पापड झाले माझ्या!"

अंगणात मग जो काही हशा पिकला! आबांचं बोट वर गेलं.

नवरीनं इथं कसं बोलायचं असतं, ते रिनरिनला काही केल्या आठवेना. आणि गंमत म्हणजे तिला त्याचं काही वाटेना. तिनंही तस्साच आवाज लावला.

"कोण रे तू? दार काय बडवतोयस?"

"तुझा नवरा! आत्ता तर पाय धुतलेस. विसरलीस पण?"

"असे छप्पन बघितलेत! आधी कलमा म्हण."

गुगुमनं कलमा म्हटला. तो मात्र अगदी स्वच्छ, न अडखळता.

"आता तरी घे गं आत," तो म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. "राणीसारखी ठेवीन वगैरे मी म्हणत नाही. पण जे खाईन, त्यातलं अर्धं तुझं."

खाण्यासाठी त्यानं जो शब्द वापरला, तो आबांच्या घरात फक्त मांजरासाठी होता. रिनरिनचे डोळे भरून आले. इंडोनेशियनमध्ये दोन वर्षांत तो असं एकदाही बोलला नव्हता.

आबांचं बोट अजून वरच होतं, पण ते बघत होते लेकीकडे. सतरा वर्षांनी ती त्यांच्यासमोर सुंदानी बोलली होती. शब्दाशब्दाला चुकत होती आणि हसत होती. आबांनी बोट खाली घेतलं, कडीवर ठेवलं आणि कडी सरकवली.

"ये रे बाबा, ये आत," ते म्हणाले. "आणि बसा दोघं खायला."

खाण्याचा शब्द त्यांनी गुगुमचाच वापरला.

रिनरिनची आई बघतच राहिली. "अहो, हे काय बोलताय?"

रिनरिननं डोळे पुसले आणि बापाच्या नाकासमोर आपलं बोट वर केलं.

सगळं घर खो खो हसलं.

"चुकलो बाई," आबा म्हणाले.