लोहाच्या गोळ्या

सोजराबाईने लाल गोळ्यांची पाकिटं जनकाबाईच्या हातात परत ठेवली. तीन आठवड्यांच्या गोळ्या, त्यातली एकही फोडलेली नव्हती.

“घेऊन जा व माय. आमची सून नाही खाणार हे लोह.”

सून प्रतीक्षा चौकटीला टेकून उभी होती. सातवा महिना लागलेला, आणि ओठांवर रंग म्हणून नाही. परवाच्या तपासणीत तिचं रक्त आठवर उतरलं होतं. पंधरा वर्षं घरोघरी आरोग्याची विचारपूस करणारी आशाताई म्हणून वरवट बकालच्या गल्ल्या तुडवणाऱ्या जनकाबाईला आठ म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगायला नको होतं. मागच्या वर्षी एवढ्याच रक्तावर बाळंत झालेली गावातली कोकिळा दवाखान्यातून घरी आलीच नव्हती.

“काऊन पण? झालं काय?”

“तूच सांगतलं ना!” सोजराबाई म्हणाली. “गिरणीवर, साऱ्या बायाइच्या देखत. ‘माह्या मयुरीनं पुण्यात शोधलं, किडनीच्या कॅन्सरच्या पेशी लोहावर जगतात.’ अन् आमच्या घरी त्याच कॅन्सरपायी यायची एक किडनी काढेल हाय. आता सुनंलेबी तेच चारू?”

ओसरीतल्या बाजेवर तिचा नवरा मोतीराम कुशीला हात लावून हळूच उठून बसला.

जनकाबाईचं तोंड एवढंसं झालं. कारण तिची पिशवी धरून मागे तिची पोरगी, खुद्द मयुरीच उभी होती, चार दिवसांच्या सुट्टीवर आलेली. मिरवलं होतं, हे खरंच. आशाताई होण्याआधी बारा वर्षं दुसऱ्यांच्या रानात भेंडी तोडलेल्या बाईची पोरगी सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर बघते, तर त्या बाईने मिरवू नये तर काय करावं? पण मिरवण्याच्या भरात निम्मंच सांगून झालं होतं, आणि उरलेलं निम्मं गिरणीच्या आवाजात कोणी विचारलंही नव्हतं.

“काकू, तसं नाही ते,” मयुरी पुढे झाली. “पेशीत लायसोसोम नावाचा एक भाग असतो, तिथे लोहाचं चयापचय...” सोजराबाईची मुद्रा पाहून ती मध्येच थांबली.

एक सोपी वाट होती. पोरगी अजून शिकतेच आहे, तिचं काही मनावर घेऊ नका, एवढं म्हटलं असतं तरी गोळ्या या घरात राहिल्या असत्या. जनकाबाईच्या जिभेवर ते आलंही. पण पोरीच्या चार वर्षांच्या कष्टांवर आपल्याच हाताने पाणी ओतणं तिला काही जमेना. ती सरळ ओसरीच्या पायरीवर बसली.

“माह्यंच चुकलं, सोजराबाई. अर्धं सांगतलं. आता पुरं आयक. आपल्या अंगातल्या पेशीत बारक्या-बारक्या कोठ्या असतात. जुनं-फुटकं तिथं जाते, मोडते, अन् त्यातलं लोह पुन्हा कामाले येते. चांगली पेशी लागते तितकंच घेते. कॅन्सरची पेशी हावरट, ते दाबून बसते अन् वाढते. त्या कोठीले कुलूप कसं लावाव, हे माही पोरगी शोधून राह्यली.”

“मंग लोह वाईटच झालं ना?”

“चोर तुह्या घरचे दाणे खाते म्हणून तू रांधणं बंद करशीन का? हिच्या पोटात लेकरू हाय. दोघांपुरतं लोह पाह्यजे, अन् हिच्या अंगात एकापुरतंबी नाही.”

मयुरी टक लावून आपल्याकडे पाहते आहे, हे जनकाबाईला जाणवलं. दर रविवारी फोनवर पोरगी हे सगळं सांगायची, तेव्हा ही भाजी निवडत नुसतं ‘हाव, हाव’ म्हणायची. आई शब्दन् शब्द ऐकते, हे पोरीला कुठे ठाऊक होतं!

सोजराबाई मात्र काही हलेना. तेवढ्यात मोतीराम बाजेवरून बोलला.

“पोरी, मले एक सांग. माह्यासाठी काही औषध निंघालं का तुह्या शोधातून?”

हो म्हणावं, निदान लवकरच निघेल म्हणावं, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

“नाही, काका,” मयुरी म्हणाली. “आमचं काम अजून काचेच्या बशीतल्या पेशींवर चाललं हाय. माणसापर्यंत यायले लय वर्षं लागतीन. अन् येईनच, असंबी मी सांगू शकत नाही.”

मोतीरामने मान खाली घातली.

“पोरगी खोटं नाही बोलत,” शेवटी तो बायकोला म्हणाला. “दे सुनंले गोळी.”

प्रतीक्षाने सगळ्यांसमोर गोळी गिळली. सकाळी एक, संध्याकाळी एक, चहासोबत नाही, असं जनकाबाईने दोनदा बजावलं. असली पोरगी आपल्या पोटी आली, या अभिमानाने ती ताठ मानेने पायरीवरून उठली.

गल्लीत आल्यावर तिच्या ध्यानात आलं, अजून सहा घरं बाकी आहेत. गिरणीवरची बातमी तिथेही पोचली असणार. दर दारात ‘माह्यंच चुकलं’ म्हणायचं, या विचाराने तिची पावलं मंदावली. मयुरीने पिशवी खांद्यावर नीट घेतली, आईच्या पुढे झाली आणि पुढच्या घराची कडी वाजवली.

“कोण हाय व?” आतून आवाज आला.

“आशाताईची पोरगी,” मयुरी म्हणाली. “गोळ्या आणल्या.”