माझी आई, दहापैकी दोन

"पाठ आहे ना? मग लिही," म्हणत आईने कोरा कागद मुलीपुढे सरकवला.

मुलीने पेन उचललं, पण टोपण काढलं नाही.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत चौघीच होत्या. खुर्चीत मुख्याध्यापिका, दारापाशी भाषेच्या बाई आणि टेबलाच्या अलीकडे या मायलेकी. आई कारखान्यातलं पॅकिंगचं काम अर्ध्यावर टाकून आली होती. डोक्यावरची जाळीची टोपी काढायचंही भान तिला राहिलं नव्हतं.

चाचणीत 'माझी आई' हा निबंध होता. शाळेने छापून दिलेला नमुना वर्गातल्या बाकी सगळ्यांनी जसाच्या तसा उतरवला. हिने स्वतःच्या मनाने लिहिलं. भाषेच्या बाईंनी दहापैकी दहा दिले. मुख्याध्यापिकांनी ते खोडून दोन केले. तेवढ्यावरून मुलीचं नाव शिष्यवृत्तीच्या तुकडीतून गळत होतं.

"तुमच्यासाठी नियम वाकवतेय मी," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "अर्ध्या तासात यादी जाईल. नमुन्याप्रमाणे लिहू दे, आठ देते."

"लिही गं! हात का आखडलाय आता?" आईचा आवाज चढला. "महिनाभर घोकून घेतलंय तुझ्याकडून. झोपेतून उठवलं तरी म्हणत होतीस!"

मुलीने पेन कागदावर आडवं ठेवलं.

"तिने काय लिहिलंय ते आधी वाचा तरी," भाषेच्या बाई म्हणाल्या.

आई गर्रकन वळली. "तुम्हीच फूस लावलीत तिला. तुमचं काय जातंय, बाई?"

"नोकरी जाऊ शकते," मुख्याध्यापिका कोरडेपणाने म्हणाल्या.

बाईंनी उत्तरपत्रिका पुढे धरली. आईने ती हिसकावूनच घेतली.

'माझी आई म्हणते, माझे पाय दुखत नाहीत. जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबते आणि पर्समध्ये किल्ली शोधते. किल्ली तिच्या हातातच असते. मग मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधते. म्हणजे तिला आणखी थोडा वेळ मिळतो.'

आईने वाचलं. परत वाचलं. मग कुणी बस म्हणण्याआधीच ती खुर्चीत बसली.

मुख्याध्यापिकांनी यादी पुढ्यात ओढली. "बोला, वेळ नाहीये. आठ की दोन?"

"दोनच राहू देत."

मुख्याध्यापिकांचं पेन हवेतच थांबलं. आईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने मुलीची हनुवटी वर केली आणि, आयुष्यात पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं तिच्याकडे बघत, हळूच विचारलं,

"आणखी काय काय बघतेस गं तू?"