आभाळातलं भोक

“बाय, आपल्या समुद्रावर तेवढं एक भोक ठेव,” जाळं सांधता सांधता भिकू तांडेल लेकीला म्हणाला.

लेक उपग्रहांची माळ आखत होती. एक मावळायच्या आत दुसरा उगवलेला, रेंज कुठेच तुटायची नाही. आणि भिकूच्या गोष्टींतले होडीएवढे मासे तर नेहमी रेंजबाहेरच सुटत आलेले.

“उपग्रह फिरतात, बाबा. तुमचं भोक जगभर हिंडेल.”

“हिंडू दे की. थापाडा मी एकटाच आहे का?”

लेक हसली; भोक काही ठेवलं नाही. उपग्रह वर गेले आणि भर समुद्रात फोनच्या पडद्यावर बायको उगवली. “दाखवा तुमचा मासा.”

भिकूने फोन पाण्याकडे वळवला. “होडीएवढा होता गं. तुझी रिंग ऐकून बिथरला.”

नारळी पौर्णिमेला भिकूने समुद्राबरोबर लेकीच्या उपग्रहांनाही नारळ वाहिला.