टेपवरचा हात

टेप सुरू झाली आणि पहिल्या काही सुरांतच तिने ओळखलं. पियानोवरचा हात मास्तरांचाच होता.

“नीट ऐका,” टेबलापलीकडचा अधिकारी म्हणाला. “कानसेन म्हणतात ना तुम्हाला? रेडिओवर जुन्या तबकड्या लावून कोणी काय कसं वाजवलंय ते लोकांना सांगता. मग सांगा, हे वाजवणारा तोच बेपत्ता पियानोवाला आहे का?”

रेडिओ केंद्रातली ही तिची रोजची खोली. आज दाराशी दोन बंदूकधारी शिपाई उभे होते. मास्तरांनी तिला लहानपणी पियानो शिकवला होता. गेल्या वर्षी ते सरकारविरुद्ध जाहीरपणे बोलले आणि नाहीसे झाले. मेले, असंच सगळे धरून चालले होते. आणि आता एका घराच्या झडतीत ही अगदी अलीकडे भरलेली टेप सापडली होती. ती मास्तरांची ठरली, की त्या घरातल्यांना बोलतं करायला कितीसा वेळ लागणार!

अधिकाऱ्याने टेपवरचंच नॉक्टर्न, पियानोची ती संथ रचना, मास्तरांच्या तरुणपणच्या तबकडीवरून लावायला सांगितलं. तिने लावलं.

“तुलनेला आणखी दोघांचं ऐकू या,” ती म्हणाली. तेवढाच वेळ मिळाला असता.

त्या जमान्यातला एक वादक सगळ्यांत वरच्या सुरावर असा रेंगाळायचा, जसा निरोप घेतलेला पाहुणा उंबऱ्यातच बोलत राहतो. दुसरा तिथे चक्क दम खायचा. मास्तर मात्र त्या सुराला नुसता हात लावून पुढे जात आणि उतरताना, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, क्षणभर थांबत. तबकडीवर तसंच होतं. टेपवरही तसंच.

मास्तर जिवंत होते! आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती खाली वाकून तबकडी पुसत बसली.

“हे ते नव्हेत,” ती म्हणाली. “कोणीतरी त्यांची तबकडी ऐकून गिरवलंय. तेव्हा तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपायची. म्हणून त्यांनी वरच्या सुरावर घाई केली. टेपला कसली आलीय घाई? ते स्वतः असते तर थांबले असते. नक्कल करणाऱ्याने घाईसुद्धा उचलली.”

थाप इतकी बेमालूम जमली, की तिची तिलाच पटली.

अधिकाऱ्याने शिपायांना बाहेर जायला सांगितलं. दाराला आतून कडी घातली.

“शिकवणीत कुठे तबकडी होती?” तो हळूच म्हणाला. “तिथेही ते वरच्या सुरावर थांबत नसत.”

शिकवणीतली गोष्ट याला कोणी सांगितली? आता आपलं काही खरं नाही. घरी आई तिच्यासाठी जेवायची थांबली असेल. तिला कोण कळवणार?

अधिकारी जवळ आला. त्याने टेप काढली आणि डब्यात ठेवली.

“उद्या वरचे साहेब येतील. त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही. आत्ता सांगितलंत तेच त्यांना सांगा, याच शब्दांत. फक्त मनगटं सैल सोडा, बाई. ताठ मनगटांपायी मास्तरांनी मला तीन वर्षं फैलावर घेतलंय.”