तंबाखूचा खोकला

डोळ्यांसमोर आणा बरं, मुलांनो: सोलापुरातल्या एका दवाखान्याची छोटी खोली. टेबलापलीकडे डॉक्टरबाई, अलीकडे रत्नम्मा, आणि तिच्या स्टुलाला टेकून उभी तिची दहा वर्षांची सृष्टी.

रत्नम्मा सोलापूरजवळच्या कुंभारी गावात घरी बसून विड्या वळते. संधिवातानं तिची बोटं सुजून आखडली होती. पान कापायची कात्रीही धरवत नव्हती. नव्या गोळीनं ती पुन्हा वळायला लागली. ती गोळी काय करते, हे डॉक्टरबाईंनी मागच्या खेपेला सृष्टीला समजावलं होतं. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, शत्रू आलाय, लढा. आईच्या सांध्यांत शत्रू नसतानाच तो निरोप फिरत राहतो, म्हणून सूज. पेशीच्या दाराशी आलेला निरोप आत पोचायच्या आधीच गोळी त्याला अडवते.

"पण उद्या खरा शत्रू आला, तरी निरोप थोडा अडणारच," त्या म्हणाल्या होत्या. "म्हणून ताप आला की लगेच सांगायचं."

आईला ताप आता रोज संध्याकाळी येत होता. बसमध्ये आईनं बजावलं होतं, तापाचं नाव काढायचं नाही. डॉक्टरबाईंनी गोळी बंद केली तर बोटं पुन्हा आखडणार, आणि हातचं काम गेलं तर खायचं काय? ताप नसताना तपासून घ्यावं म्हणून दोघी सकाळीच निघाल्या होत्या. पण नंबर लागेस्तोवर दिवस कलला.

रत्नम्मा खोकली. डॉक्टरबाईंनी मान वर केली.

"तंबाखूचा खोकला हाय, म्याडम. आमच्या गल्लीत जी खोकत न्हाय, तिला विडी वळता येत न्हाय म्हणतेत."

डॉक्टरबाईंना हसू आलं. "आणि ताप?"

"न्हाय की."

सृष्टीच्या मनगटाभोवती आईची बोटं आवळली. कितीतरी महिन्यांनी त्या बोटांत एवढा जोर आला होता. पण ती चटका बसावा इतकी गरम होती.

डॉक्टरबाई गोळ्या लिहू लागल्या.

सृष्टीनं आईकडे पाहिलं नाही. मोकळा हात टेबलावरून लांब करून तिनं डॉक्टरबाईंचा हात पेनासकट धरला, आणि ओढून आईच्या कपाळाला लावला.